वाढत्या मुलांच्या अंगची उभारी

'वाढत्या वयाच्या मुलांना जगण्याची कौशल्ये कशी यावीत' हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी मला सुचविला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एक मुलगा उभा राहिला. त्याची आठवण मला फारशी अभिमानाने सांगता येणार नाही, तरी सुरुवात तिथूनच केलेली बरी.

मी तीसएक वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकविले. हा मुलगा माझ्या वर्गात होता. बुद्धी तल्लख, अक्षर मोत्यासारखे, वही कधी अपुरी नाही. दहावीच्या वर्षी त्याच्या आई मला भेटायला आल्या, तेव्हा मीच त्यांना सांगितले, "ताई, ह्या वर्षी त्याला घरातले काहीएक सांगू नका. दळण नको, बाजार नको, पाहुण्यांकडे जाणे नको. त्याने फक्त अभ्यास करावा." त्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. दहावीपुरताच नव्हे, तर बारावीपर्यंत पाळला. मुलाला उत्तम गुण मिळाले आणि तो दूरच्या शहरी अभियांत्रिकीला गेला.

अडीच महिन्यांत तो परत आला. काय झाले म्हणून विचाराल तर मोठे संकट असे काहीच झाले नव्हते. पहिल्या चाचणीत तीसपैकी अकरा गुण पडले. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, कारण बँकेच्या खात्यावरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळत नव्हते. ते दुरुस्त करून घ्यावयाचे तर खिडकीपाशी जाऊन कारकुनाशी बोलावे लागणार होते. ते कसे बोलावे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हे कोणाला सांगावे हेही ठाऊक नव्हते. मुदत टळून गेली. खाणावळ रविवारी रात्री बंद असे, त्या रात्री तो उपाशी झोपे. ह्या चार बारीक गोष्टी एकावर एक साचल्या आणि एके दिवशी त्याने खोलीचे दार लावून घेतले. वडील जाऊन त्याला घेऊन आले. पुढे त्याच्या आई मला रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "सर, हुशार होता ना हो तो?" ह्या प्रश्नाला मला त्या वेळी उत्तर देता आले नाही.

तो घरी तरी परत आला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतला. प्रत्येक घटनेमागे परीक्षाच असते असे नव्हे. कारणे अनेक आणि गुंतागुंतीची असतात. पण हा आकडा वाचल्यावर प्रस्तुतचा विषय केवळ सुगृहिणींच्या किंवा शिक्षकांच्या आवडीचा राहत नाही, एवढे आपण मान्य कराल.

आता शब्दाचा निवाडा करून घेऊ. इंग्रजीत ज्याला 'रेझिलिअन्स' म्हणतात त्याला मराठीत कोणी चिवटपणा म्हणतात, कोणी लवचीकपणा. मला 'उभारी' हा आपला जुना शब्द अधिक जवळचा वाटतो. वेताची काठी वाकविली आणि सोडली की ती होती तशी सरळ होते. माणसाचे तसे होत नाही. पडून उठलेला माणूस पडण्यापूर्वीचा राहत नाही. उठताना हाताला काही लागते, त्याला धरून तो उठतो. ते हाताला लागणारे काय असते, हाच आजचा आपला प्रश्न आहे.

ह्या बाबतीत दोन समजुती आपल्याकडे घट्ट रुजलेल्या आहेत. पहिली अशी की टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. तेव्हा मुलांना हाल सोसू द्यावेत, दोन फटके द्यावेत, म्हणजे ती आपोआप घट्ट होतील. दुसरी समजूत अशी की थोरामोठ्यांची चरित्रे सांगितली, चार उपदेशाचे शब्द ऐकविले की मुलाला धीर येतो. दुसरीविषयी मी फार बोलत नाही. तीस वर्षे उपदेश करून त्याचे फळ काय ते मी पाहिले आहे. पहिली मात्र तपासून पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य फार नडते.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा ह्यांनी ९,५०८ प्रौढ माणसांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारले: मारहाण झाली का, घरात दारू होती का, आईवर हात उगारला जात असे का, इत्यादी. १९९८ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लहानपणीचे असे घाव जितके अधिक, तितके पुढे व्यसन, खिन्नता आणि हृदयविकारासारखे आजारही अधिक. म्हणजे नुसत्या घावांनी मूर्ती घडत नाही, पुष्कळदा दगडच फुटतो. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील मारहाणीला बंदी केली, ती केवळ दयेपोटी केली असे समजू नये.

मग अर्धे सत्य कोठे आहे? ते पाहण्यासाठी मी आपल्याला थोडे मागे, १९२९ नंतरच्या अमेरिकेतील महामंदीच्या काळात नेतो. बँका बुडाल्या, गिरण्या बंद पडल्या, कालपर्यंत सुखवस्तू असलेल्या घरांत चूल पेटण्याची भ्रांत पडली. त्या काळात कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेल्या १६७ मुलांची वर्षानुवर्षे पाहणी चालू होती. ग्लेन एल्डर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने ती सारी टिपणे पुढे अभ्यासली आणि १९७४ साली त्यांवर एक ग्रंथ लिहिला. मंदी आली तेव्हा ही मुले दहाबारा वर्षांची होती आणि तिच्यातच ती वयात आली. घरात पैसा नाही म्हणून मुलगे वर्तमानपत्रे टाकू लागले, दुकानांत हरकामे करू लागले. आई बाहेर कामाला गेली म्हणून मुलींनी स्वयंपाक आणि लहान भावंडे सांभाळली. ही मुले पुढे खचलेली निघतील असे कोणालाही वाटले असते. पण त्यांतील पुष्कळशी धीराची आणि जबाबदार माणसे झाली.

एल्डरने पुढे शेजारच्या बर्कली गावातील मुलांची टिपणे पाहिली. ही मुले १९२८-२९ च्या सुमारास जन्मलेली, म्हणजे मंदीत अगदी तान्ही किंवा लहानगी. तेच संकट, जवळजवळ तेच गाव, तशीच घरे. पण ह्या मुलांवर, विशेषतः मुलग्यांवर, मंदीचा परिणाम वाईट झाला. वयात येताना ती अधिक बुजरी आणि निराश दिसली. असे का व्हावे? एक मोठा फरक तर उघड आहे. लहानग्यांच्या वाट्याला आई-वडिलांची चिंता आणि भांडणे तेवढी आली. त्यांवर त्यांना करता येण्याजोगे काही नव्हते. मोठ्या मुलांच्या वाट्यालाही तेच दुःख आले, पण त्याबरोबर काम आले. संध्याकाळी चार नाणी आईच्या हातावर ठेवता येत होती.

म्हणजे उभारी संकटातून येत नाही. संकटात आपल्या हातून काही झाले, ह्या अनुभवातून येते.

ह्याला अलीकडच्या मेंदूविज्ञानाने जो दुजोरा दिला आहे, तो मला फार विलक्षण वाटतो. १९६७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन आणि मायर ह्या दोघा तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. (आज तसे प्रयोग सहजी कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) एका कुत्र्याला विजेचा झटका बसे, पण डोक्याने एक फळी दाबली की तो थांबे. दुसऱ्या कुत्र्याला अगदी तेवढाच झटका बसे, पण त्याने काहीही केले तरी तो थांबत नसे. पहिल्याने फळी दाबली की दोघांचाही थांबे. नंतर दोघांना अशा पेटीत ठेवले की जिथे नुसती उडी मारून पलीकडे जाता येत होते. पहिला उडी मारून सुटे. दुसऱ्या प्रकारचे बहुतेक कुत्रे तिथेच कण्हत बसून राहत. संशोधकांनी अनुमान काढले की हे प्राणी हतबल होण्यास शिकले. पुढे कित्येक वर्षे हेच पाठ्यपुस्तकांत शिकविले गेले.

परंतु २०१६ साली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, ह्याच दोघांनी एक लेख लिहून आपलेच अनुमान फिरविले. असा प्रामाणिकपणा विद्वानांत नेहमी दिसतो असे नाही. मधल्या काळात मायर मेंदूच्या अभ्यासाकडे वळले होते. त्यांना असे आढळले की दीर्घकाळ त्रास झाला म्हणजे गळून बसणे हीच प्राण्याची मूळची, न शिकविता होणारी प्रतिक्रिया आहे. ती मेंदूच्या बुंध्याशी असलेल्या जुन्या भागातून उठते. हतबलता शिकावी लागतच नाही. शिकावे लागते ते 'हे माझ्या हातात आहे' एवढेच. तो अनुभव एकदा आला, की कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग त्या खालच्या भागाला आवरून धरतो, आणि पुढच्या, अगदी वेगळ्या प्रसंगीसुद्धा धरतो. पहिल्या कुत्र्याने फळी दाबली होती, म्हणून त्याला उडी सुचली.

आता आमच्या मुलाकडे पाहा. त्याला आयुष्यात एकदाही फळी दाबू दिली नव्हती. अर्ज वडिलांनी भरले, डबा आईने भरला, शिक्षकांशी बोलणी दोघांनी केली. तो खिडकीपाशी जाऊन का बोलला नाही, ह्याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

आणि ही गोष्ट नेमकी ह्याच वयात का महत्त्वाची, तेही थोडक्यात सांगतो. कपाळामागचा तो भाग, जो मनाला लगाम घालतो, पुढचा बेत आखतो, तो सर्वांत सावकाश पक्व होतो. विशीच्या मध्यापर्यंत त्याची जडणघडण चालू असते. भावनांचा वेग मात्र बाराव्या-तेराव्या वर्षीच वाढतो. म्हणजे बैल जोरात आणि कासरा कच्चा, अशी ही अवस्था असते. ह्या वर्षांत जो भाग वापरात येतो तो दृढ होतो. कासरा हातात दिल्यावाचून तो धरण्याची सवय कशी लागणार?

आता ज्या अभ्यासामुळे ह्या विषयाला खरी दिशा मिळाली त्याकडे येतो. प्रशांत महासागरात हवाईच्या समूहात कवाई नावाचे एक हिरवेगार बेट आहे. तेथे उसाचे मळे होते आणि मळ्यांत राबणारी जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज आणि मूळची हवाई अशी संमिश्र वस्ती. १९५५ साली त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांची नोंद झाली आणि एमी वर्नर ह्या मानसशास्त्रज्ञ बाई व त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ ह्यांनी ती मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी ह्या मुलांची गाठ घेतली गेली. वर्नरबाई स्वतः १९२९ साली जर्मनीत जन्मलेल्या. त्यांचे बाळपण युद्धात गेले. तेव्हा कोणती मुले तगतात हा त्यांना केवळ पुस्तकी प्रश्न नसावा, असे मला वाटते.

ह्या मुलांपैकी सुमारे तिसरा हिस्सा मुले फार वाईट परिस्थितीत जन्मली होती: दारिद्र्य, आजारपण, व्यसनी किंवा मनोरुग्ण पालक, मोडलेला संसार, आणि त्यांतील चारचार गोष्टी एकाच घरात. त्यांतील दोनतृतीयांश मुले अठराव्या वर्षापर्यंत कोठे ना कोठे घसरली. पण उरलेली एकतृतीयांश, म्हणजे नेमकी ७२, चांगली निपजली. शिकली, कामाला लागली, माया करणारी माणसे झाली. सर्व विद्वान आजवर घसरलेल्यांची कारणे शोधीत होते. वर्नरबाईंनी न घसरलेल्यांची शोधली.

त्यांना जे दिसले त्यात चमत्कार असा नाही. काही मुले स्वभावानेच हसरी, मनमिळाऊ होती. तो दैवाचा भाग सोडून देऊ. परंतु ह्या प्रत्येक मुलाचे निदान एका मोठ्या माणसाशी घट्ट नाते जमलेले होते. ते माणूस आई-बाप असलेच पाहिजे असे नव्हते. आजी होती, मावशी होती, थोरली बहीण होती, पुढे शाळेतला एखादा शिक्षक होता. आणि दुसरी गोष्ट अशी, की ह्यांतील पुष्कळ मुलांना घरात काम होते. दाखविण्यापुरते नव्हे, तर ज्यावाचून घराचे अडेल असे. आई कामावर गेली की धाकटे भावंड ह्यांनी सांभाळायचे, स्वयंपाक ह्यांनी करायचा. बाहेरची शिकवणी नव्हे, छंदवर्ग नव्हे, तर आपण नसलो तर कोणाचे तरी अडते ही जाणीव.

आणखी एक बारकावा त्यांनी नोंदला आहे आणि तो आपल्या घरांना फार लागू पडतो. जे मुलगे तगले, त्यांच्या घरात नियम होते, शिस्त होती, कामे वाटून दिलेली होती, आणि मुलग्यांना भावना बोलून दाखविण्याची मोकळीक होती. ज्या मुली तगल्या, त्यांच्या घरांनी त्यांना स्वतंत्रपणे वागू दिले होते आणि पाठीशी एखादी भक्कम बाई होती. आपण नेमके उलटे करतो. मुलीला धुणे-भांडी देतो पण एकटीला एस. टी. ने पाठवत नाही. मुलाला गावभर मोकळा सोडतो पण ताट उचलू देत नाही, आणि डोळ्यांत पाणी आले तर 'मुलीसारखा रडतोस काय' म्हणून हिणवितो. दोघांनाही अर्धे अर्धेच शिकवितो.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, ही परदेशची उदाहरणे झाली. तर आपल्या मातीतले पाहू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत, ही त्याची थोरवी आपण नेहमी सांगतो. पण त्याबरोबर हेही लक्षात घ्यावे की तिथली मुले स्वतः स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात खपत. खर्चाची ओढाताण एवढी असे की लक्ष्मीबाईंनी आपले दागिने त्यासाठी दिले. 'कमवा आणि शिका' ही योजना त्या गरजेतून आली हे खरे. परंतु भाऊरावांनी ती गरज संपल्यावर टाकून देण्याची सोय मानली नाही, शिक्षणाचेच अंग मानले. खेड्यातला, घरात अक्षराचा गंध नसलेला मुलगा शहरातल्या महाविद्यालयात गेल्यावर टिकला, ह्याचे श्रेय पुस्तकांइतकेच त्या भाकऱ्यांनाही द्यावे लागेल.

दुसरे उदाहरण शिरूर तालुक्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ, अमेरिकेत शिकून आलेले, मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेत अधिकारावर असलेले. ते सोडून १९८३ साली त्यांनी ह्या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करावयाचे: लोखंड जोडणे आणि बांधकाम, वीज आणि परिसर, शेती आणि जनावरे, घर आणि आरोग्य. ह्यातील खरी मेख पुढेच आहे. मुलांनी केलेली वस्तू प्रदर्शनात मांडून ठेवावयाची नाही. गावातल्या गिऱ्हाइकाला द्यावयाची आणि त्याचे पैसे घ्यावयाचे. फाटक लागले नाही तर गिऱ्हाईक बोलणार. खडूने दिलेला शून्य आणि न लागणारे फाटक ह्यांत फरक आहे. शून्याबद्दल मुलगा गुरुजींवर रुसतो, फाटकावर रुसून चालत नाही, ते पुन्हा कापून जोडावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्यांची एक यादी दिली आहे: स्वतःची ओळख, निर्णय घेणे, ताण सोसणे, परानुभूती वगैरे. यादी चांगली आहे. आमच्याही शाळेच्या भिंतीवर ती रंगविली होती. परंतु ती वाचून कोणाला निर्णय घेता आला, असे मी पाहिले नाही. त्या दहाही गोष्टी एका साध्या कामात येऊन जातात, ते कसे ते सांगतो.

समजा, घरी शनिवारी रात्री आठ माणसे जेवायला येणार आहेत आणि तो बेत तुम्ही तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलावर किंवा मुलीवर सोपविला. सबंध सोपविला, हे महत्त्वाचे. 'मी सांगते ते आण आणि मी सांगते तसे चीर' हे सोपविणे नव्हे, ती हमाली झाली. पैसे ठरवून द्यावेत. काय करायचे, किती आणायचे, कधी चुलीवर चढवायचे हे त्याने ठरवावे. तो तांदूळ कमी घेईल. आपल्या जिभेवर शब्द येईल तो गिळावा. भात कमी पडला तर त्याला दिसेल, पाहुण्यांसमोर थोडी लाज वाटेल, आणि मग बहुधा तोच शेजारी जाऊन पाव आणील किंवा पटकन पोहे टाकील. ते पोहे म्हणजे त्याची फळी. ते जर आपण टाकले, तर रात्रीचे जेवण सुधारेल आणि कामाचा हेतू बुडेल.

अर्थात एकदम सारे सोपवून बाजूला होणे हेही चुकीचे. ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली लहान मुले लाकडी ठोकळ्यांचा मनोरा कसा रचतात ह्याचा अभ्यास करताना इमारतीच्या परांचीची उपमा वापरली. भिंत उभी राहीपर्यंत परांची हवी; चुना वाळला की ती उतरवावयाची. मुलगी पहिल्यांदा बँकेत जाईल तेव्हा आपण बरोबर जावे आणि तिला आपले बोलणे ऐकू द्यावे. दुसऱ्यांदा तिने बोलावे, आपण बाकावर बसावे. तिसऱ्यांदा आपण घरी असावे. पुष्कळ पालक पहिल्या पायरीवरच कायमचे राहतात. काही थेट तिसरीवर उडी मारतात आणि मुलगी गोंधळली की 'एवढे येत नाही?' म्हणून बोल लावतात. तिसऱ्या खेपेनंतर तिने चूक केली तर विचारावे, "मग तू काय केलेस?" ह्या प्रश्नात दोष नाही, कुतूहल आहे. 'असे का केलेस?' ह्या प्रश्नात आरोप असतो, आणि आरोपापुढे मुले खोटे बोलू लागतात.

कोणती चूक होऊ द्यावी आणि कोणती नाही, ह्याचा विवेक मात्र मोठ्यांनीच ठेवावयाचा. भात करपला तर करपू द्यावा. विजेच्या उघड्या तारेला हात लावू देऊ नये. पाचशे रुपयांचा हिशोब चुकला तर चुकू द्यावा. पण फोनवर येणारा गुप्त आकडा कोणी मागितला तर देऊ नये, हे आधीच दहादा सांगावे, कारण तिथे एका चुकीत घरची पुंजी जाते. इंग्लंडचे बालमनोविकारतज्ज्ञ सर मायकेल रटर म्हणत की, रोगाची प्रतिकारशक्ती जंतूंपासून दूर ठेवल्याने येत नाही, बेताच्या प्रमाणात त्यांची गाठ पडल्याने येते. ते प्रमाण राखणे हेच पालकाचे काम. आणि घरचे काम म्हणजे मजुरी नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामाला लावण्यास आपल्याकडे २०१६ च्या सुधारित कायद्याने बंदी आहे. ज्या मुलीची शाळा धुण्याभांड्यांपायी सुटते, तिला उभारीचे व्याख्यान ऐकविणे म्हणजे क्रूर थट्टा आहे. माझे म्हणणे ज्या घरांत मुलांना काहीच करू दिले जात नाही, त्या घरांपुरते आहे; आणि ह्या सभागृहात बसलेले आपण बहुतेक त्याच घरांतले आहोत.

आणखी एक सावधगिरी. सर्वच पडणे हे कामाने सावरणारे नसते. मुलगा आठवडेच्या आठवडे झोपत नाही किंवा झोपेतून उठत नाही, जेवण तुटले आहे, मित्र तुटले आहेत, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे काही बोलतो, अशा वेळी त्याला दळण आणायला पाठवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. आणि त्याने असे काही बोलून दाखविले तर ते कानाआड न करता त्याला सरळ, शांतपणे विचारावे; विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही, तो बोलायला मोकळा होतो. २०२२ पासून सरकारने १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक ह्यासाठी चालू केला आहे. तेथे मराठीतून बोलता येते. क्रमांक लिहून घ्या.

आता तो मुलगा. मी मघाशी त्याची हकीकत अर्धी सोडली. परत आल्यावर काही महिने तो घरात पडून होता. उपदेश करणारे पुष्कळ येऊन गेले; त्यांत मीही होतो. वडिलांनी त्याला डॉक्टरांकडे नेले, औषध चालू झाले, झोप येऊ लागली. त्याच्या मामांची पिठाची गिरणी होती आणि त्यांचा गडी अचानक सोडून गेला होता. मामा काही मानसशास्त्र शिकलेले नव्हते. ते आले आणि म्हणाले, "अरे, सकाळी दोन तास बस रे माझ्याकडे, माझं अडलंय." तो गेला. पहिल्या दिवशी त्याने एका बाईंच्या ज्वारीत दुसऱ्यांचा गहू मिसळला. बाई बोलल्या. मामा मध्ये पडले नाहीत. त्याने स्वतःच माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक डब्यावर खडूने नाव आणि वेळ लिहू लागला.

वर्नरबाईंच्या अभ्यासाचा शेवटचा भाग फारसा सांगितला जात नाही. अठराव्या वर्षी जी मुले घसरलेली दिसत होती, त्यांतली बहुसंख्य बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी सावरलेली आढळली. कोणी पुन्हा शिकायला लागले, कोणी सैन्यात गेले, कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला. अठराव्या वर्षी लावलेला निकाल चुकीचा निघाला.

आमचा मुलगा पुढल्या वर्षी जवळच्याच तंत्रनिकेतनात गेला. मी एकदा गिरणीवर दळण घेऊन गेलो तेव्हा तोच बसला होता. रांगेत माझ्यापुढे तिघे होते. मी मास्तर म्हणून तो मला आधी घेईल असे मला वाटले होते. त्याने माझ्या डब्यावर नाव घातले, खाली वेळ लिहिली आणि म्हणाला, "सर, पाऊण तास लागेल. बसा."